पाच नंबरचा परिचय

क्रॉयडन,
मंगळवार, २८ ऑगस्ट २००७

प्रिय रघ्या,

पाकिटावरचं अक्षर तू लांबूनच ओळखलं असशील. तरी ते न फोडता रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं नाहीस, निदान या ओळीपर्यंत आलास, म्हणजे माझं अर्धं काम झालं असं समजतो. तीन वर्षांत फोन नाही, दिवाळीला साधं कार्ड नाही, आणि आता एकदम हे एवढं लांबलचक पत्र. हा यशा काहीतरी मागायला आलाय असं तुला वाटेल. वाटू दे. खरंच मागायलाच आलोय. पण मुद्द्यावर येण्याआधी मी चार गल्ल्या फिरून येतो, ही माझी खोड तुला नवी नाही.

रविवारी बेसबॉलची फायनल. आमचे वॉडन हेरन्स विरुद्ध तुमचे कॉव्हेंट्री वीव्हर्स, आणि ग्राउंड आमचं. आमच्या क्लबची पद्धत तू विसरला नसशील. फायनल आपल्याकडे असली की समोरच्या टीमची ओळख आपण आपल्या माणसांना करून द्यायची. माईकवर एकेकाचं नाव, नंबर आणि चार वाक्यं. नियम दोनच: चांगलं तेच बोलायचं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच बोलायचं. मग तो खेळाडू पळत येणार, ओळख करून देणाऱ्याशी हात मिळवणार आणि जाऊन रांगेत उभा राहणार. यंदा चेअरमन ब्रायनने हे काम माझ्या गळ्यात मारलं. म्हणे, यश, तू गेली सात वर्षं स्कोअरबुक लिहितोस, तुझ्याइतकं बारीक कोण बघतं? नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून मोकळा झालो. आता नवांपैकी आठ लिहून झालेत. स्कोअररच्या सवयीने नंबराप्रमाणे लिहीत गेलो. पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा बेस चार. चारनंतर थेट सहा. पाच म्हणजे तिसरा बेस, म्हणजे तू, आणि ती जागा परवापर्यंत कोरी होती. त्या माईकवर मी तुझ्याबद्दल काय बोलावं, आणि बोलायला माझं तोंड आहे का, या एकाच प्रश्नाने गेला महिनाभर माझी झोप घालवली आहे.

डोळ्यांनी पाहिलेलंच बोलायचं म्हटल्यावर तुमच्याकडे येणं भाग होतं. तुला न सांगता मी चार रविवार कॉव्हेंट्रीला येऊन गेलो. जून-जुलैत पावसाने अर्धा देश बुडवला आणि तुमच्या मॅचेस पुढे पुढे ढकलल्या गेल्या, ते माझ्या पथ्यावरच पडलं. युस्टनहून ट्रेन पकडायची, आमच्या अक्षयाने दिलेले बटाट्याच्या भाजीचे सँडविच कॅनली स्टेशनच्या अलीकडेच संपवायचे, आणि कपाळावर टोपी ओढून तुमच्या ग्राउंडच्या पार त्या टोकाला, अलॉटमेंटच्या भाजीमळ्यांच्या कुंपणाजवळ बसायचं. पहिल्या दिवशी मी आलो तो मनात आमची टीम तुमच्यापेक्षा दोन बोटं वर आहे असं धरून. संध्याकाळी परतताना ट्रेनमध्ये वही उघडली आणि पहिलं वाक्य लिहिलं, की देवा, ही माणसं आहेत तरी कोण.

तुमचा तो ओवेन. चव्वेचाळीस वर्षांचा पोस्टमन, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. हा माणूस पिचर आहे हे मला पाच मिनिटं खरंच वाटेना. मग त्याने तो हळू बॉल टाकला. बॉल बॅट्समनच्या दारापर्यंत नीट चालत आल्यासारखा आला आणि शेवटच्या क्षणी शेजारच्या घरात शिरला. बॅट्समन हवेत बॅट फिरवून स्वतःभोवतीच वळला. मी आ वासून बघत राहिलो. सात वर्षं मी पेन्सिलीने या खेळाचा हिशेब ठेवतोय, आणि बॉल असा वागू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तुमचा कॅचर टोमाश बेकरीतली पहाटेची शिफ्ट संपवून तसाच येतो, भुवयांवर पीठ घेऊन. पंचाहत्तर मैलांच्या वेगाने आलेला बॉल तो अंड्यासारखा हातात घेतो, आवाजसुद्धा होत नाही. पहिल्या बेसवरचा बसड्रायव्हर आणि दुसऱ्या बेसवरच्या त्या शाळेच्या बाई, लेझली. साडेसहा फुटांचा दांडगा माणूस घसरत येऊन त्यांच्यावर आदळला, मला वाटलं आता ॲम्ब्युलन्स. बाई उठल्या, पँट झटकली, बॉल हातातच होता, आणि त्याला आऊट झाल्याचं अशा आवाजात सांगितलं जसं एखाद्या पोराला गृहपाठ आणला नाही म्हणून सांगतात. मी टाळी वाजवून बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूचा?

आणि तो जसबीर. सेंटर फील्ड, आठ नंबर, एकोणीस वर्षांचा. बॅटचा आवाज आला की तो पाठ फिरवतो. बॉलकडे बघतच नाही, नुसता पळतो, आणि कुठे थांबायचं ते त्याला कसं कळतं कोण जाणे, थांबून वर बघतो तर बॉल त्याच्याचसाठी खाली येत असतो. दुसऱ्या रविवारी तो तसाच कुंपणावरून अलॉटमेंटमध्ये उलटा पडला. माझ्यापासून दहा फुटांवर. दोन क्षण काहीच दिसेना, मग घेवड्याच्या वेलांतून आधी ग्लोव्ह वर आला, त्यात बॉल, आणि मागून जसबीर, गळ्यात वेल, पटका जागच्या जागी. मळ्याचा म्हातारा मालक शिव्या देत धावत आला आणि ते बघून त्यानेच टोपी काढली. माझ्या अंगावर काटा आला, रघ्या. चाळिशी उलटल्यावर अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. सहा, सात आणि नऊ नंबरचं इथे सांगत नाही, नाहीतर पत्राला दोन तिकिटं लावावी लागतील. त्यांची वाक्यं रविवारी ऐकशीलच.

तुझ्याकडे बघायचं मी टाळत होतो. टाळून टाळून किती टाळणार? तिसऱ्या बेसवर पाच नंबरची जर्सी, आणि आत तो तुझा जरासा डावीकडे कललेला खांदा.

ट्रेनमध्ये मला मग जुनं सगळं आठवायचं. नव्याण्णव साली आपण भेटलो ते इथल्या व्हिसा ऑफिसच्या रांगेत. तू नागपूरचा, मी पुण्याचा, तेव्हा पहिली वीस मिनिटं कुठली पोळी चांगली यावर भांडलो आणि मग तुझ्या डब्यातल्या, तुझ्या सुचेताच्या हातच्या पोळ्या दोघांनी मिळून खाल्ल्या. महिन्यातून एकदा वेम्बलीला जायचं, ईलिंग रोडवरून पोह्यांची पोती आणायची, हा आपला सण. बेसबॉल तर निव्वळ अपघाताने गळ्यात पडला. क्रिकेटचं नेट शोधत ट्रॅमस्टॉपमागच्या पार्कात गेलो आणि हेरन्सचे दोन गडी कमी होते. तुला ग्लोव्ह दिला. माझा गुडघा बघून मला वही दिली. अक्षर चांगलं आहे म्हणून तिथेच चिकटलो. तू मैदानात आणि मी टेबलापाशी, आणि ओव्हलवरचं क्रिकेट सोडून रविवारी आपण तिथे पडीक. अक्षया म्हणायची, या दोघांना क्रिकेटवाल्यांनी वाळीत टाकायला हवं.

तुझी आई, आमच्या काकू, इथे आल्या होत्या तो उन्हाळा आठवतो? दोन हजार तीन. नागपूरच्या उन्हाला सरावलेली बाई जुलैत शाल पांघरून माझ्या टेबलाशेजारी बसायची. मी त्यांना खेळ समजावून सांगायचो. बॉलरला इथे पिचर म्हणतात. अख्ख्या मॅचमध्ये एकाही बॅट्समनने खरा फटका मारून बेस गाठला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. पिचरच्या आयुष्यात फार तर एकदा घडणारी गोष्ट, नाव बोर्डावर सोन्याच्या अक्षरांत लागतं. मात्र फील्डरच्या हातून बॉल सुटला आणि बॅट्समन पोचला, तर तो फटका धरत नाहीत, ती फील्डरची चूक. पिचरचा पराक्रम तसाच शाबूत, फील्डरच्या नावापुढे चूक चिकटते. बॉल वेडावाकडा उसळला तर मात्र फील्डरचा दोष नाही, तो फटकाच. हे कोण ठरवतं, त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून म्हटलं, मी ठरवतो, काकू. फटका की चूक ते या वहीत मी लिहिणार, त्यावर अपील नाही. काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "बाप रे. मग तू फारच जपून लिहीत जा हो."

मी जपून लिहिलं नाही. अठरा जुलै दोन हजार चार. तारीख तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवी. शेवटची इनिंग, दोन आऊट, आपला पिचर कॉलिन, त्याने तोवर एकही फटका दिलेला नव्हता. अख्खं ग्राउंड चिडीचूप. आणि तो बॉल जमिनीवरून तुझ्याकडे आला. तू खाली वाकला होतास. ग्लोव्ह जमिनीला टेकलेला होता, पाय बरोबर होते, नजर बॉलवर होती. तुझ्यापासून हातभर अंतरावर तो कशावर तरी आपटला, खडा असेल, ढेकूळ असेल, आणि ताडकन उसळून तुझ्या गळ्याच्या हाडावर बसला. टेबलापर्यंत आवाज आला. बॅट्समन बेसवर पोचला. तू हाड धरून गुडघ्यावर बसलास, आणि ग्राउंडवरच्या सगळ्या माना तुझ्याकडे न वळता माझ्याकडे वळल्या. ब्रायन येऊन मागे उभा राहिला, माझ्या खांद्यावर त्याने हात ठेवला. कोणीच मला काही सांगितलं नाही, रघ्या, हे मी मुद्दाम लिहितोय, पुढेमागे कुणावर ढकलायची सोय राहू नये म्हणून. मी पाहिलं होतं. आणि मी पेन्सिल उचलून लिहिलं: चूक, पाच नंबर.

का लिहिलं? कॉलिनचं सोनं व्हावं म्हणून, हे खरंच आहे. पण ते अर्धं. उरलेलं अर्धं जास्त लाजिरवाणं आहे. माझ्या मनात त्या क्षणी आलं, की मी फटका लिहिला तर हे सगळे म्हणतील, स्कोअरर इंडियन, फील्डर इंडियन, आपल्या माणसाला वाचवलं. आपल्या लोकांची ही काय खोड आहे कुणास ठाऊक. मास्तराचा मुलगा वर्गात असला की मास्तर पहिली छडी त्यालाच मारतो, लोकांना कळावं की हा किती निःपक्षपाती. झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुला मापच दिलं नाही. आणि वर स्वतःची समजूत घातली, की रघ्या काय, घरचा माणूस, आपलेच दात आपलेच ओठ, तो गिळून टाकेल. परक्याच्या बाबतीत मी दहा वेळा विचार केला असता. तुझ्या बाबतीत एकदाही केला नाही.

पुढच्या बॅट्समनला कॉलिनने आऊट केलं. त्याला खांद्यावर घेतलं, शँपेन उडवली, हाडावर बर्फाची पिशवी धरून तूसुद्धा त्याला मिठी मारलीस. घरी जाताना तू माझ्या गाडीत होतास. पर्ली वेच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तू एकच विचारलंस.

"यशा, तू पाहिलं होतंस ना?"

आणि मी समोर लाल दिव्याकडे बघत म्हणालो, "वहीत जे आहे ते आहे."

तू परत कधी विचारलं नाहीस. सीझनच्या शेवटी जेवणात त्यांनी तुला बक्षीस म्हणून लोण्याची वडी दिली, हातून बॉल सुटतो म्हणून लोणी लावलेल्या हातांची चेष्टा, सगळे खो-खो हसले. तू हसून ती घेतलीस, बिअरचा पाइंट अर्धा टाकून घरी गेलास, आणि मार्चमध्ये कळलं की कॉव्हेंट्रीत नोकरी घेतली. मी मूग गिळून बसलो. यंदा जानेवारीत काकू गेल्याचं मला वेम्बलीच्या दुकानात कुणाकडून तरी समजलं. फोन हातात घेतला, तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. असा मी.

आता तिसऱ्या रविवारचं सांगतो, कारण त्यासाठीच हे सगळं उकरून काढलं. तुमच्या स्कोअरर मॉरीनबाईंशी माझी तोवर गट्टी जमली होती. सत्तरीच्या, रिटायर्ड लायब्ररियन, पेन्सिलीला दोरीने बांधलेला रबर. मीही स्कोअरर आहे म्हटल्यावर त्यांनी मला टेबलाशी खुर्ची दिली. मॅच सुरू व्हायच्या आधी मी बघत होतो, तू तिसऱ्या बेसपाशी गुडघ्यावर बसून हाताने जमीन चाचपत होतास. खडे वेचून खिशात टाकत होतास, ढेकळं फोडून तळहाताने सपाट करत होतास. चांगली दहा मिनिटं. मला वाटलं, स्वतःपुरतं करतोय. मॉरीनबाई म्हणाल्या, नाही, तिथे समोरचा तिसरा बेसवालाही उभा राहतो ना, त्याला लागू नये म्हणून, दर रविवारी करतो. मला पाणी प्यावंसं वाटलं. चहाच्या तंबूत गेलो.

तिथे असतानाच ते घडलं. दुसऱ्या इनिंगमध्ये एक जोराचा बॉल तुझ्या ग्लोव्हला लागून सुटला. इनिंग संपल्यावर तू टेबलाकडे चालत आलास. मी चहाच्या मोठ्या पिंपामागे लपलो. हो, पंचेचाळीस वर्षांचा सीनियर ॲनालिस्ट पिंपामागे, हस तू. तू वाकून मॉरीनबाईंना काहीतरी सांगितलंस, त्यांनी मान हलवली, तू परत काहीतरी सांगितलंस, आणि त्यांनी रबर उचलला. तू गेल्यावर मी जाऊन वही बघितली. त्यांनी फटका लिहिला होता. तो खोडून तुझ्या नावापुढे चूक लिहिली होती. बॉल सरळ आला होता, माझी नजर हलली, असं तू म्हणाला होतास, हे त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं, हा नेहमी असं करतो? त्या म्हणाल्या, तीन सीझनमध्ये अकरा वेळा. उलटं सांगायला, म्हणजे ही माझी चूक नव्हती असं सांगायला, एकदाही आलेला नाही. चाळीस वर्षं मी स्कोअर लिहिते, असा खेळाडू बघितला नाही. एकदा त्यांनी तुला कारण विचारलं होतं. तू हसून सांगितलंस, रविवारी आईचा नागपूरहून फोन येतो, आणि ती पहिलं हेच विचारते, की आज किती चुका केल्यास. तिला खरं सांगावं लागतं.

काकू जानेवारीत गेल्या, आणि तू ऑगस्टमध्येही टेबलापाशी चालत येतोस. मॉरीनबाईंना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तिथे त्या बाईंसमोर रडलो, रघ्या. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

ओवेनचा बॉल बघून मी थक्क झालो, जसबीरला बघून अंगावर काटा आला. पण हे बघून मला कळेना की मी उभा राहू की बसू. ज्या माणसाच्या नावावर खोटं लिहिलं गेलं, तो दर रविवारी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन स्वतःच्या नावावर खरं लिहून घेतो. मी देवळात जातो, वाकतो, सवयीने. त्या दिवशी चहाच्या तंबूपाशी मनातून वाकलो. आणि लगेच प्रश्न पडला, की त्या अठरा जुलैच्या रविवारी काकूंनी फोनवर विचारलं असेल, तेव्हा तू काय सांगितलंस? एक, असं सांगितलंस? वहीत होतं तेच? ते आता मला कुणाकडे जाऊन दुरुस्त करता येणार आहे?

वहीसुद्धा बदलता येत नाही, मी लीगला विचारलं. स्कोअररला चोवीस तासांची मुदत असते, तीन वर्षांची नाही. मग गेल्या शनिवारी कॉलिनकडे गेलो. त्याच्या नावावर घाला घालायचा तर निदान तोंडावर सांगून घालावा. तो गार्डनमध्ये कुंपण रंगवत होता. सगळं सांगितलं, म्हटलं, मी रविवारी माईकवर हे बोलणार आहे, तुझा नो-हिटर खरा नव्हता. मला वाटलं, ब्रश फेकून मारतो. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाला, "यश, मी पिचरच्या टेकडीवर उभा होतो. सगळ्यात चांगलं मलाच दिसलं होतं." तीन वर्षं तो बोर्डाखालून मान खाली घालून जातो म्हणे. आधी मी बोलेन म्हणून तो थांबला होता, आणि कुणीच बोलणार नाही असं समजून मी गप्प होतो. काल त्याने स्वतः स्क्रूड्रायव्हर आणून बोर्डावरचं आपलं नाव उतरवलं. ते कळल्यापासून ब्रायन माझ्याशी धड बोलत नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार.

घरी सगळे बरे आहेत. आमच्या तनूचा जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल गेल्या गुरुवारी लागला, नऊ विषयांत ए, आणि दहावा विषय मराठी, ज्याची परीक्षाच नव्हती. "बाबा, रघूकाकाला सांग माझी रिझल्ट आला," असं तिने दोनदा बजावलंय. तेव्हा सांगितलं. सुचेताला अक्षयाचा निरोप, की गोड्या मसाल्याचं प्रमाण तिला अजून जमलेलं नाही.

आता मागणं. पाच नंबरची चार वाक्यं काल लिहून झाली. तिसरा बेस, रघुवीर देवधर, नागपूर आणि कॉव्हेंट्री. हा खेळायच्या आधी समोरच्यासाठी जमीन साफ करतो, आणि स्वतःची चूक स्वतः जाऊन लिहायला लावतो, हे मी पाहिलं आहे. अठरा जुलै दोन हजार चारला याच मैदानावर याच्या हातून चूक झाली नव्हती, बॉल उसळला होता, तेही मी पाहिलं होतं, आणि खोटं लिहिलं होतं. स्कोअरर म्हणून हे माझं शेवटचं वाक्य. एवढंच. ग्राउंडवर दोनशे माणसं असतील आणि त्यांच्यापुढे हे बोलायला मी तयार आहे. पण काल लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मी पुन्हा तेच करतोय. तुला न विचारता तुझ्याबद्दल लोकांसमोर ठरवून मोकळा होतोय, आणि तेही स्वतःचं मन हलकं करायला. तुला ते नको असेल. तीन वर्षांनी ती लोण्याची वडी परत चारचौघांत नको असेल, माझ्याशी हात मिळवायचा नसेल. तसं असेल तर मी नुसतं नाव आणि नंबर सांगेन, तू सरळ रांगेत जाऊन उभा राहा, आणि ब्रायनला पुढच्या सीझनसाठी दुसरा स्कोअरर शोधायला मी तरीही सांगणार आहेच. गुरुवारी हे तुझ्या हातात पडेल. फोन नंबर तोच आहे. या वेळी तू ठरव. वाचू का, रघ्या?

तुझाच म्हणवून घ्यायला अजून लाजणारा,
यशोधन